वाचक विचारतात : पेट्रोल पिकअपमध्ये डिझेल इंजिन

प्रश्न : माझ्याकडे 1985 ची शेवरोले सी-10 पिकअप आहे. 5.0 लिटरचं पेट्रोल व्ही-8 इंजिन, 700आर4 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या धुऱ्यावर 3.08 चं गिअर-गुणोत्तर. इंजिन आता तेल पितंय. त्याजागी ब्रेड-व्हॅनमधलं कमिन्स 4बीटी डिझेल बसवायचा विचार आहे. काय काय लागेल?
— एक वाचक, टेक्सस

उत्तर : 4बीटी हे दणकट इंजिन आहे यात शंका नाही. 3.9 लिटर, चार सिलिंडर, 105 अश्वशक्ती. पण तुमच्या गाडीसाठी आम्ही ते सुचवणार नाही. सुमारे 340 ते 350 किलोचं हे धूड, त्यात बॅलन्सर शाफ्ट नाहीत. आयडलिंगला त्याची थरथर हलक्या चॅसीत स्टिअरिंगपर्यंत येते. वेगाला लगाम घालणारा गव्हर्नर त्याला मिनिटाला 2500 फेऱ्यांच्या आसपास आवरतो. इंजिनाचे माउंट, ब्रॅकेट, रेडिएटरचे पाइप, सगळं नव्याने घडवावं लागतं.

त्याहून मोठी अडचण कायद्याची. अमेरिकेत केंद्रीय पर्यावरण संस्थेचं धोरण असं, की इंजिन बदलल्यावर तयार होणारी गाडी त्याच किंवा त्यानंतरच्या वर्षी प्रमाणित झालेल्या एखाद्या गाडीसारखी असली पाहिजे. सी-10 मध्ये 4बीटी कारखान्यातून कधीच आलं नाही.

मात्र डिझेल आलं होतं! जनरल मोटर्सने 1982 पासून याच गाडीत 6.2 लिटरचं डिझेल व्ही-8 दिलं. बेल हाउसिंगची भोकं शेवरोलेच्या पेट्रोल व्ही-8 सारखीच, त्यामुळे तुमचा 700आर4 बिनअडॅप्टरचा जुळतो. ब्रॅकेटपासून वायरिंगपर्यंत सगळं कारखान्याने एकदा घडवून ठेवलंय. ते शोधायचं, नवीन घडवायचं नाही. ताकद 130 अश्वशक्तीच्या आसपास, तीही 3600 फेऱ्यांना. शर्यतीचं इंजिन नव्हे, हे मनाशी पक्कं करा.

नुसतं इंजिन विकत घेऊ नका, 1982 ते 87 मधली अख्खी डिझेल पिकअप, सबर्बन किंवा ब्लेझर घ्या. पत्रा सडलेली चालेल. चॅसी नंबरातलं आठवं अक्षर बघा : ‘सी’ असेल तर हलक्या गाडीचं, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेलं इंजिन, ‘जे’ असेल तर जड गाडीचं, ईजीआर नसलेलं. तुम्हाला ‘सी’ हवं, आणि ईजीआर काढून न टाकता बसवायचं. लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांमध्ये ‘जे’ असतं आणि सेल्फ 24 व्होल्टचा असतो. तो तुमच्या 12 व्होल्टच्या गाडीत जोडू नका.

पैसे देण्याआधी चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) उघडू देतात का ते विचारा. या इंजिनाची दुखरी जागा म्हणजे मधल्या मेन बेअरिंगांच्या बाहेरच्या बोल्टांची भोकं. तिथून ब्लॉकला केसासारखी चीर जाते. जागा क्लीनरने स्वच्छ पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मग टॉर्च तिरपा धरून बघा. भोकाच्या कडेपासून तेलाची बारीक काळी रेघ पुन्हा उमटली तर ते इंजिन सोडा. बरं वाटलं तरी मशीन शॉपमधून चुंबकीय तपासणी करून घ्या. क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरच्या दोन कड्यांमधलं रबर बाहेर फुगलेलं किंवा तडकलेलं असेल तर नवा बसवा; रबर सुटलेला बॅलन्सर क्रँक मोडतो. कॉम्प्रेशन ग्लो प्लगच्या (थंड इंजिन लागावं म्हणून तापणाऱ्या प्लगच्या) भोकातून घ्यायचं आणि डिझेलचा गेजच वापरायचा, कारण 21.5 ला 1 चं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या गेजला झेपत नाही. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या 80 टक्क्यांखाली नको.

जुन्या गाडीवरून काढायच्या वस्तू : माउंटचे ब्रॅकेट, फ्लेक्सप्लेट आणि टॉर्क कन्व्हर्टर (पेट्रोलचे चालत नाहीत), सेल्फ, रेडिएटर, अॅक्सिलरेटरची आणि गिअरबॉक्सच्या टीव्हीची (थ्रॉटल व्हॉल्व्हची) केबल ब्रॅकेटसकट, ग्लो प्लगचा कंट्रोलर आणि त्याचं अख्खं वायरिंग, दुसऱ्या बॅटरीचा ट्रे, टाकीतला सेंडर (डिझेल ओढायची नळी आणि पातळी मोजणारा तरंगता गोळा असलेला भाग), डिझेल फिल्टर, व्हॅक्यूम पंप, एक्झॉस्टचे पुढचे पाइप. सेल्फच्या पुढच्या टोकाचा लहानसा आधार हमखास हरवलेला असतो. तो नसेल तर जड सेल्फ लोंबकळून बोल्ट तुटतात, कधी ब्लॉकचा कानही तुटतो. त्या पट्टीशिवाय सेल्फ मारूच नका. टीव्ही केबलही हलक्यात घेऊ नका. ती सैल राहिली तर 700आर4 चे क्लच थोड्याच दिवसांत जळतात.

टाकी रिकामी करून उतरवा, आतून धुऊन वाळवा. डिझेल इंजेक्टर पंपातून परत येतं, म्हणून रिटर्न पाइप हवाच. टाकीच्या तोंडात अनलेडेड पेट्रोलची अरुंद पट्टी असते, तिच्यात डिझेलचं जाड नोझल शिरत नाही. डिझेल गाडीचं तोंड बसवा. पाइपाला जस्ताचा मुलामा नको, जस्त डिझेलमध्ये विरघळून फिल्टर आणि नोझल चोंदवतं.

दुसरी बॅटरी आणि मोठा रेडिएटर धरून पुढच्या धुऱ्यावर साधारण 60-70 किलो वाढतात, तेव्हा पुढच्या कॉइल स्प्रिंगही डिझेल गाडीच्याच घ्या. मागचं 3.08 मात्र राहू दे. 29 इंची टायरवर ताशी 105 किलोमीटरला, ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन जेमतेम 1620 फेऱ्या फिरेल. ट्रेलर ओढायचा असेल तर 3.73 घाला, मग त्याच वेगाला 1970 च्या आसपास.

आता पैशाचं. पेट्रोलवर गॅलनला 14 मैल आणि डिझेलवर 20 धरले, तर वर्षाला 12,000 मैलांमागे सुमारे 257 गॅलन वाचतात. तिकडे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग असतं, तो फरक यातून वजा करा. फक्त बचतीसाठी करत असाल तर पेट्रोल इंजिनच उघडून रिंगा टाकणं स्वस्त पडेल.

प्रश्न : 6.2 बसवलं. चालू होतं, आठ-दहा सेकंदांत बंद पडतं. मग पुष्कळ सेल्फ मारल्यावर पुन्हा लागतं. इंजेक्टर पंप बदलू का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : इतक्यात नको. ही लक्षणं डिझेलने एअर धरल्याची आहेत. पंपावरून निघणाऱ्या रिटर्नच्या नळीत वीतभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू करा. डिझेल अखंड धारेने गेलं पाहिजे. आत बुडबुड्यांची माळ दिसली तर चोर सापडला.

टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतची बाजू ओढीची असते. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत येते. म्हणून ओला डाग शोधून काही मिळत नाही. लिफ्ट पंपाला नव्या नळीने थेट कॅनमधून डिझेल द्या. बुडबुडे थांबले तर दोष मागे आहे : चाळीस वर्षांच्या रबरी नळ्या, नाहीतर टाकीतला सेंडर. थांबले नाहीत तर फिल्टरचं पॅकिंग आणि इंजेक्टरांवरच्या छोट्या रिटर्न नळ्या बघा. डिपस्टिकवरचं तेल वाढलंय आणि डिझेलचा वास येतोय? मग लिफ्ट पंपाचा पडदा फाटलाय. तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

दुरुस्तीनंतर इंजेक्टरांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, दहा सेकंद मारून एक मिनिट थांबायचं. नटापाशी बुडबुडे जाऊन डिझेल उसळलं की आवळा. पंपावरच्या गुलाबी वायरीला किल्ली फिरवल्यावर 12 व्होल्ट येतात आणि पंपातून ‘टक्’ असा आवाज होतो, हेही तपासा.

आणि कळकळीने सांगतो, इथर फवारू नका. तापलेल्या ग्लो प्लगवर ते अवेळी पेटतं आणि पिस्टन फुटतात.

प्रश्न : डिझेल बसवल्यापासून ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालंय. व्हॅक्यूम पंप गळतो म्हणून तो काढून तोंडावर प्लेट मारली होती.
— एक वाचक, ओहायो

उत्तर : गाडी ताबडतोब बंद ठेवा. ब्रेकपेक्षा मोठा धोका इंजिनाला आहे. 6.2 मध्ये व्हॅक्यूम पंप ब्लॉकच्या मागे, पेट्रोल इंजिनात डिस्ट्रिब्युटर असतो त्या जागी बसतो, आणि त्याच्याच खालच्या दांड्याने तेलाचा पंप फिरतो. तो काढून नुसती प्लेट मारली की तेलाचं प्रेशर शून्य! जितकं चालवलं असेल तितके बेअरिंग घासले असतील; चेंबर उघडून मेन आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बघा. तिथे पंप तरी हवा, नाहीतर फक्त तेलाचा पंप फिरवणारा खास ड्राइव्ह.

पेडल कडक होण्याचं कारण सरळ आहे. डिझेलच्या इनटेकमध्ये पेट्रोलसारखा थ्रॉटलचा पडदा नसतो, म्हणून पेडल हलकं करणाऱ्या ब्रेक-बूस्टरला लागणारी ओढ (व्हॅक्यूम) आपोआप तयार होत नाही. नवा पंप बसवल्यावर व्हॅक्यूम गेज लावा, 20 इंचांच्या आसपास काटा स्थिर राहिला पाहिजे. पंप ठीक असूनही कमी भरलं तर बूस्टरची नळी आणि तिच्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह बदला.

प्रश्न : नाशिकला माझी छोटी पेट्रोल पिकअप आहे. इथे असं डिझेल बसवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. इंधन बदलाची सवलत आहे ती सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मंजूर किटसाठी, तीही आरटीओकडे नोंद करून. इंजिन कामातून गेलं असेल तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घ्या. आधी आरटीओची परवानगी काढा, आणि बसवल्यावर इंजिन नंबर आरसी बुकात चढवून विमा कंपनीलाही लेखी कळवा.