पॅकेजिंग आणि मल्चिंग पेपर: प्रकल्प एकत्र करा, पण मातीतल्या विघटनाची चाचणी आधी लावा

"दोन्ही प्रकल्पांत पीबॅट आणि पीएलएचंच मिश्रण आहे, तेव्हा विघटनाची चाचणी एकत्र करून एकच अहवाल द्या," असं पत्र तुमच्या पॅकेजिंग आणि मल्चिंग पेपरच्या प्रकल्पांबद्दल तुम्हाला आलंय आणि उत्तर काय द्यावं असं तुम्ही विचारताय. जवळपास याच शब्दांतलं पत्र आम्हालाही आलं होतं. मी मल्चिंगच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या फिल्मच्या बाजूला होतो, पॅकेजिंगचे पाऊच बनवणारा गट दुसऱ्या शहरात होता. पीबॅट मऊ आणि पीएलए कडक, दोन्ही सूक्ष्मजीवांना कुजवता येणारी प्लास्टिकं, हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. पाऊच कंपोस्टमध्ये जाणार म्हणून त्याची परीक्षा 58 अंशांच्या आसपास, कंपोस्टमध्येच होते आणि सहा महिन्यांत 90 टक्के विघटन दिसावं लागतं. मल्चिंग पेपर शेतातच राहणार. त्यासाठी 2018 चं युरोपीय मानक ईएन 17033 आहे. त्यात चाचणी मातीत, 20 ते 28 अंशांना होते आणि 90 टक्क्यांसाठी मुदत दोन वर्षांची. प्रकल्प साधारण तीन वर्षांचे असतात, त्यातले सुरुवातीचे महिने फिल्म जमवण्यातच जातात. मातीतला नमुना पहिल्या वर्षात प्रयोगशाळेत गेला नाही तर अहवाल प्रकल्पाचा गाशा गुंडाळल्यावर हातात येतो.

आणि एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. पीएलए 55 ते 60 अंशांच्या खाली काचेसारखं कडक असतं, पाणी आत शिरून रेणूंची लांब साखळी तुटायला फार वेळ लागतो. कंपोस्टच्या उष्णतेत ते झकास कुजतं, बांधावर पुरलंत तर वर्षानुवर्षं सापडत राहतं. म्हणून मातीसाठीच्या फिल्ममध्ये पीएलएचं प्रमाण कमी ठेवावं लागतं, तर पाऊचवाल्यांना कडकपणासाठी ते जास्त हवं असतं. नावं तीच, पण प्रमाण वेगळं म्हणजे वस्तूच वेगळी.

आता आमचं काय झालं ते. समन्वयासाठी एक कार्यालय नेमलेलं होतं (नाव लिहीत नाही, मंडळी अजून तिथंच आहेत). त्यांच्या तक्त्यात 'जैवविघटन' अशी एकच ओळ होती. त्या ओळीसमोर दोन्ही गटांच्या सह्यांचा एक अहवाल आल्याशिवाय कोणत्याच प्रयोगशाळेचे पैसे सुटणार नाहीत, असा त्यांचा हट्ट. पाऊच गटाचा ओलावा रोखणारा थर अजून ठरत नव्हता, तो सारखा बदलायचा. तो बदलला की त्यांचा नमुना पुन्हा पहिल्यापासून, आणि आमची फिल्म तयार असूनही त्यांच्यासोबत रांगेत. फोन केला की साहेब दौऱ्यावर, नाहीतर फाइल वर गेलेली. दोन ओळी करा, एवढंच मागत होतो. तक्ता मंजूर झालेला आहे, आता बदलता येत नाही, हे उत्तर.

तोवर आमचे रोल पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. या पॉलिमरच्या साखळ्या ओलावा आणि उष्णता मिळाली की गुंडाळलेल्या रोलमध्येसुद्धा तुटायला लागतात, हे त्या कार्यालयाला आम्ही लेखी कळवलं होतं. शेवटी परवानगी आली, फिल्म ट्रॅक्टरच्या मल्चिंग यंत्रावर चढवली आणि ताण बसताच गादीवाफ्यावर टराटरा फाटली. ज्यांच्या रानात प्रयोग होता त्या शेतकऱ्यानं दुपारीच दुकानातून साधा 25 मायक्रॉनचा पेपर आणला. त्यांचं बरोबरच होतं, रोपं तयार होती, ती कुणाच्या फाइलसाठी थांबणार? मातीतल्या चाचणीचा अहवाल मुदतीत आलाच नाही. अंतिम कागदात मात्र आमच्या फिल्मपुढे पाऊचचा कंपोस्टमधला आकडा छापला गेला. कोणी जाब विचारला नाही, याचाच जास्त राग येतो.

तेव्हा पत्राला उत्तर देताना पहिल्याच परिच्छेदात 'दोन वापर, दोन चाचण्या, दोन स्वतंत्र देयकं' असं लिहा आणि सोबत मानकांचे क्रमांक जोडा: कंपोस्टसाठी भारतीय मानक आयएस 17088, मातीसाठी ईएन 17033. क्रमांक दिसला की फाइल जरा हलते.

एकत्र करण्यासारखं पुष्कळ आहे, हेही सांगतो. फिल्म फुगवायच्या यंत्रावरचा वेळ वाटून घ्या. ताणशक्ती आणि रेणुभार मोजण्याची सोय एकाकडे असली तरी पुरते. चाचणीत फिल्मशेजारी तुलनेसाठी ठेवायचं सेल्युलोज दोघांनी एकाच खेपेतलं घ्या. बाकी 'आमच्या मल्चिंगवरची स्ट्रॉबेरी तुमच्या डब्यात' असले प्रयोग फोटोला छान, त्यातून विघटनाबद्दल काडीचंही कळत नाही. हे माझं मत, पाऊचवाल्यांना पटणार नाही.

मी शेतीकडचा माणूस, रसायनशास्त्राचा नाही. मिश्रणाबाबत तुमच्या पॉलिमरवाल्यांचं ऐका आणि नियम बदलत असतात, तेव्हा ताजी अधिसूचना स्वतः वाचा. भारतात 'कंपोस्टेबल' म्हणून प्लास्टिक विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, पण ते कंपोस्टपुरतंच. त्याच्या जोरावर शेतकऱ्याला 'मातीत विरून जाईल' असं सांगू नका.

शेतातल्या दोन-तीन गोष्टी. नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत तुकडे पुरून वजन घटलं म्हणजे विघटन झालं असं धरू नका, बारीक तुकडे जाळीतून निसटतात. पीक निवडताना कलिंगड आणि मिरची एकाच फिल्मवर घेऊ नका. कलिंगड अडीच महिन्यांत निघतं, मिरची सहा-आठ महिने उभी असते, तोवर मातीत दाबलेल्या कडा सुटून वाऱ्यानं पेपर उडतो. आणि रोटाव्हेटर घालण्याआधी ठिबकच्या लॅटरल नळ्या मोजून बाहेर काढा. आमच्याकडे एक तशीच राहिली आणि पुढच्या हंगामात मातीत सापडलेले काळे तुकडे फिल्मचे की नळीचे, यावर दोन्ही गटांत ईमेलची लढाई झाली.