लॅपटॉपचा व्हॉल्यूम कमी केला की आवाजाचे बिट खरंच जातात का?

तुम्ही विचारलंय की लॅपटॉपला यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा विद्युत सिग्नल करणारं उपकरण) आणि त्यापुढे पॉवर्ड स्पीकर (आतच अँप्लिफायर असलेले) आहेत, आणि मित्र म्हणतो लॅपटॉपचा व्हॉल्यूम कायम १०० वरच ठेव, नाहीतर बिट कापले जातात. मित्राचं खरं आहे, फक्त जुन्या काळातलं आहे.

डिजिटल व्हॉल्यूम म्हणजे निव्वळ गुणाकार. सीडीच्या १६ बिटांत प्रत्येक सॅम्पलला, म्हणजे आवाजाच्या एका क्षणाच्या मोजमापाला, ६५,५३६ पायऱ्या असतात. समजा एका सॅम्पलचा आकडा २०,००१ आहे. आवाज ६ डेसिबलने उतरवला की तो निम्मा होणार, १०,०००.५. त्या अर्ध्याला १६ बिटांत जागाच नाही, तो इकडे नाहीतर तिकडे ढकलावा लागतो. दर ६ डेसिबलला एक बिट जातो. २४ डेसिबल उतरवलंत तर हाती १२ बिट, म्हणजे ९६ ऐवजी ७२ डेसिबलची डायनॅमिक रेंज (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर). जोरकस तानेत हे कळणारही नाही. मैफल संपताना तानपुरा विरत जातो ना, तिथे कळतं. झंकार शेवटी शेवटी खरखरीत होतो, कारण राउंडिंगची चूक सुराला चिकटून येते. डिदर, म्हणजे मुद्दाम मिसळलेला बारीक नॉइज, असेल तर ती चूक सुरापासून सुटी होते आणि नुसती मंद सुरसुर उरते. ती कान सहज पोटात घालतो.

तोच आकडा २४ बिटांत नेला की त्याला २५६ ने गुणलं जातं: ५१,२०,२५६. त्याचे निम्मे २५,६०,१२८. काहीच सांडलं नाही! असं आठ वेळा, म्हणजे सुमारे ४८ डेसिबलपर्यंत, उतरता येतं. विंडोज तर व्हिस्टापासून आतला हिशेब ३२ बिट फ्लोटमध्येच (अपूर्णांकही सांभाळणाऱ्या आकड्यांत) करतं. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट २४ बिट आहे ना, तेवढं बघून घ्या.

खरा त्रास बिटांचा नाही, हिसचा, म्हणजे मागे सतत येणाऱ्या सूं आवाजाचा आहे. डॅकचा स्वतःचा नॉइज लॅपटॉपच्या व्हॉल्यूम स्लायडरला जुमानत नाही. गाणं खाली येतं, तो जागच्या जागी. मी कित्येक महिने स्पीकरचा नॉब पूर्ण फिरवून लॅपटॉप १५ वर ठेवत होतो. रात्री पंखा बंद केला की ट्वीटरमधून (स्पीकरचा बारीक, उंच सुरांचा भाग) सूंऽऽ. केबलवर संशय घेतला, नवी आणलीसुद्धा. शेवटी नॉब बराच मागे घेऊन लॅपटॉप ८० वर नेला. आवाज तेवढाच, पण सूं ऐकायला जाळीला कान लावावा लागतो.

तेव्हा लॅपटॉप १०० वर न्या, आणि तुम्ही जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्याने ऐकता तिथे नॉब थांबवा. मग रोजचं कमी-जास्त खुशाल लॅपटॉपवरून करा. फक्त १०० करण्याआधी नॉब शून्यावर आणा. मी विसरलो होतो; शेजारच्या काकू अजून विसरलेल्या नाहीत.