मागच्या अंगणातली शेड आणि ५३(१) ची नोटीस

प्रश्न : पुण्यात नोंदणीकृत सोसायटीत आमचं रो-हाउस आहे, ओळीतलं मधलं. मागच्या अंगणात ऊन-पावसापासून कायमचा आडोसा हवा म्हणून उन्हाळ्यात चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारून वर रंगीत पत्रा टाकला. घराच्या भिंतीपासून मागच्या कंपाउंडपर्यंत ५.२ मीटर, रुंदी ३.६ मीटर, सगळं अंगण झाकलं. फॅब्रिकेटर म्हणाला, सिमेंटचं काम नाही, सगळं नट-बोल्टवर आहे, परवानगी लागत नाही. पावसात पत्र्याचं पाणी मागच्या शेजाऱ्यांकडे पडलं, त्यांनी तक्रार केली. आता महापालिकेची एमआरटीपी (नगररचना कायदा) कलम ५३(१) ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढण्याची, नोटीस आली आहे. मंजूर नकाशात मागची मार्जिन (मोकळी सोडायची जागा) ३ मीटर आहे. शेड वाचेल का?

उत्तर : सगळी वाचणार नाही. घरालगतचा भाग वाचू शकतो, पण हातपाय लगेच हलवले तरच.

आधी फॅब्रिकेटरचं म्हणणं बाजूला ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (हाच एमआरटीपी) मध्ये ‘विकास’ म्हणजे जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं बांधकाम वा अभियांत्रिकी काम. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीच्या व्याख्येत ‘कोणत्याही साहित्याची’ रचना येते. सूट आहे ती समारंभापुरत्या मांडवाला, शामियान्याला, ताडपत्रीला. तुमचे खांब बेसप्लेटवर बोल्टने बसवलेत की काँक्रीटमध्ये गाडलेत, याने फरक पडत नाही. ‘नट-बोल्टला परवानगी नको’ हे वाक्य ऐकून कितीतरी अंगणं झाकली गेली आहेत आणि पुढे उघडीही करावी लागली आहेत.

आता टेप घ्या. मार्जिन मोजायची ती कंपाउंडपासून घराकडे. ५.२ मधून ३ मीटर वजा केले की उरतात २.२ मीटर. म्हणजे भिंतीलगतची २.२ × ३.६, साधारण ७.९ चौरस मीटरची पट्टी मार्जिनच्या बाहेर आहे. ही पट्टी नियमित होऊ शकते. पलीकडचे ३ मीटर आकाशाकडे उघडेच राहायला हवेत. तिथल्या पत्र्याला दंड भरूनही मंजुरी मिळण्याची आशा धरू नका.

खरी मेख एफएसआयची, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या मर्यादेची, आहे. छप्पर असलेली ही पट्टी क्षेत्रफळात धरली जाईल, म्हणजे तितका एफएसआय शिल्लक हवा आणि तो तुमचा हवा. रो-हाउसच्या बऱ्याच योजनांत नकाशा एकत्र मंजूर झालेला असतो, प्लॉटची वेगळी विभागणी नसते आणि उरलेला एफएसआय सोसायटीच्या वाट्याचा असतो. तुमच्या करारनाम्यात मागचं अंगण मालकीचं म्हटलंय की फक्त ‘वापराचा हक्क’, हे आजच वाचा. दुसरी गोष्ट असेल तर सोसायटीच्या ठरावाशिवाय अर्जाला अर्थ नाही. आणि उपविधींनुसार घरात वाढीव काम करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यायची असते. ती घेतली नसेल तर आता मागताना सूर नरम ठेवा.

नोटिशीला उत्तर देताना तिच्यात दिलेल्या मुदतीतच कलम ५३(३) खाली अर्ज करा. हा अर्ज कलम ४४ च्या, म्हणजे नेहमीच्या बांधकाम परवानगीचाच असतो, फक्त झालेलं काम कायम ठेवण्यासाठी. त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत नोटीस अमलात येत नाही. अर्ज परवानाधारक आर्किटेक्टमार्फत. सोबत मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. अर्ज फक्त २.२ मीटरच्या पट्टीसाठी करा. संपूर्ण शेडसाठी केलात तर संपूर्ण शेड नाकारली जाईल. नोटिशीतली मापं चुकीची असतील तर उत्तरात तसं स्पष्ट लिहा. नकार आलाच तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील आहे.

नोटिशीत २४ तासांची मुदत लिहिली असली तरी घाबरू नका, पण आरामही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी घालून दिलेल्या निर्देशांनुसार कारणे दाखवा नोटिशीला किमान १५ दिवस, सुनावणी, आणि पाडण्याच्या आदेशानंतर पुन्हा १५ दिवस द्यावे लागतात. हे संरक्षण रस्ता, फुटपाथ, नदीपात्रावरच्या बांधकामाला नाही. तुमची जागा खासगी आहे. ‘दिवाणी कोर्टातून स्टे आणू’ असं कोणी सांगितलं तर कलम १४९ चा अडसर आधी दाखवा, ते अशा नोटिशीला दिवाणी कोर्टात आव्हान द्यायला आड येतं. कलम ५२ मध्ये विनापरवाना बांधकामाला एक महिना ते तीन वर्षं कैद आणि २ ते ५ हजार रुपये दंड आहे, तेव्हा नोटीस कपाटात ठेवण्याजोगी नाही.

मार्जिनमधला भाग अर्जाआधी स्वतःच काढा. नुसते पत्रे उतरवून सांगाडा उभा ठेवला तर पाहणीत मापं खांबांचीच घेतली जातात. २.२ मीटरच्या रेषेवर नवे खांब उभारा, कंपाउंडवर ठोकलेल्या बेसप्लेट काढा. ती भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांच्या संमतीशिवाय तिथे काही बसवायचा अधिकार तुम्हाला नव्हताच.

शेजाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या १८.७ चौरस मीटर पत्र्यावरून तासाभरात जवळजवळ १,८७० लिटर पाणी एकाच कडेने कोसळतं. दुसऱ्याच्या जागेत पागोळ्या सोडण्याचा हक्क सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षांच्या निर्वेध वापराने मिळतो, एका पावसाळ्यात नाही. उरलेल्या शेडच्या खालच्या कडेला पन्हळ लावा, पाइप तुमच्याच हद्दीतल्या पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात उतरवा. मैलापाण्याच्या चेंबरला जोडू नका, त्यावर वेगळी नोटीस येते. हे केल्याचं शेजाऱ्यांना लेखी कळवा.

मार्जिनमध्येही सावली हवीच असेल तर हाताने गुंडाळता येणारं कापडी छत, खांब न रोवता. पावसापुरता आडोसा हवा असेल तर तात्पुरत्या बांधकामाची परवानगी दर पावसाळ्याआधी मागता येते. मुदत संपली की काढायचा.

भाग काढून झाला की तारखेसह फोटो जोडून बांधकाम विभागाला पत्र द्या, पोच घ्या आणि नोटीस निकाली काढल्याचं लेखी मागा. ते हातात नसेल तर पुढे घर विकताना खरेदीदाराच्या बँकेचा वकील हाच कागद विचारेल.