‘एरेबे शेमो’ या नावातला ‘ए’

कुर्दी भाषेतील पहिली कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाचे नाव कुठे ‘एरेबे शेमो’, तर कुठे ‘अरब शामिलोव’ असे आढळते; ही माणसे दोन की एक, आणि ‘एरेबे’च्या शेवटचा ‘ए’ हा ‘शेर-ए-पंजाब’मधला फारसी ‘ए’च का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माणूस एकच. ‘ए’ही त्याच कुळातला, पण वागणुकीने तो आपल्या ‘चा-ची-चे’च्या अधिक जवळचा आहे.

फारसीतील ‘ए’ लिंगानुसार बदलत नाही. कुर्मांजी या कुर्दीच्या बोलीत ‘कुर’ म्हणजे मुलगा आणि ‘केच’ म्हणजे मुलगी. त्यामुळे शेमोचा मुलगा ‘कुरे शेमो’, शेमोची मुलगी ‘केचा शेमो’ आणि शेमोचे मुलगे ‘कुरेन शेमो’ होतात. मराठीतही प्रत्यय मुलाच्या किंवा मुलीच्या लिंगवचनाप्रमाणेच बदलतो. फरक इतकाच, की आपण तो शेमोला लावतो आणि कुर्द मुलाला लावतात. म्हणून ‘एरेबे शेमो’ म्हणजे सरळ ‘शेमोचा एरेब’.

१८९७ साली तेव्हा रशियन साम्राज्यात आणि आता तुर्कस्तानात असलेल्या कार्स प्रांतात, येझिदी या कुर्दांमधल्या धार्मिक पंथाच्या कुटुंबात जन्मलेला हा एरेब पहिल्या महायुद्धात रशियन सैन्याचा दुभाषा झाला आणि पुढे बोल्शेविक पक्षाचा कार्यकर्ता. रशियनांमध्ये तो ‘शामिलोव’ झाला. तिथला ‘-ओव’ हा प्रत्ययही मुळात ‘चा’ याच अर्थाचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इसहाक मारोगुलोव यांच्यासह त्याने कुर्दीसाठी लॅटिन वर्णमाला सिद्ध केली आणि १९३५ मध्ये आर्मेनियातल्या येरेवानला त्याची आत्मकथनपर कादंबरी ‘शिवाने कुर्मांजा’ प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी स्टालिनच्या राजवटीने त्याला हद्दपार केले. आपल्या भाषेला लिपी देणाऱ्या माणसाला त्या भाषेपासून एकोणीस वर्षे दूर राहावे लागले, याचे दुःख आजही वाटते.

या शीर्षकातल्या ‘शिवान’चा शिवाशी संबंध जोडू नये. जुन्या इराणी ‘फ्शु-पान’पासून तो आला, ‘फ्शु’ म्हणजे आपला पशू आणि ‘पा’ म्हणजे राखणे. ‘कुर्मांजा’च्या शेवटचा ‘आ’ मात्र ‘केचा’मधला नव्हे, तो अनेकवचनी सामान्यरूपाचा आहे, म्हणून अर्थ ‘कुर्मांजांचा मेंढपाळ’.

मराठीत लिहिताना पूर्ण नाव ‘एरेबे शेमो’ असे, जोडरेघ न देता लिहावे. एकटे नाव आले तर ‘ए’ गळून नुसते ‘एरेब’ उरते. नुसते ‘शेमो’ लिहिल्यास मात्र उल्लेख वडिलांचा होतो.