आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र पहिल्यांदाच शिकवताय?

अभिनंदन, आणि घाबरू नका. मी हा पेपर २२ वर्षं शिकवतोय. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. वारशाने आलेल्या नोट्स बाजूला ठेवा. त्यातलं जग बहुतेक वेळा अमेरिका-युरोपभोवतीच फिरतं. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला, तिथून धागा पकडा.

२. ‘मोठी अर्थव्यवस्था’ म्हणताना माप कोणतं, ते पहिल्याच तासाला सांगा. चालू विनिमय दराने अमेरिका पहिली, क्रयशक्तीच्या मापाने, म्हणजे त्या-त्या देशात पैशाला किती वस्तू येतात हे धरून, चीन. नवे शिक्षक इथेच घसरतात, आणि मुलं तोच गोंधळ पेपरात उतरवतात.

३. उदाहरण मुलांच्या घरातलं घ्या. निफाडकडच्या एका मुलाला मी निर्यातीच्या द्राक्षांची पेटी आणायला सांगितली. लेबलवरून माल थेट बागेपर्यंत शोधता येतो, हे कळल्यावर मागचे बाकही पुढे सरकले. मग २०१० सालची गोष्ट सांगितली: क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली, शेतकरी अडचणीत आले. नियम कोण ठरवतं, यात सत्ता असते, हे त्या दिवशी मुलांना नीट उमगलं.

आणि हो, ‘आता आशियाचं शतक’ असं वर्गात जाहीर करू नका. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जागतिक अर्थव्यवस्थेचे तक्ते काढते, ते मुलांच्या हातात द्या, त्यांनाच वाचू द्या. चुकतील, चुकू द्या.

ब्रिक्स या उभरत्या देशांच्या गटाची बँक, डॉलरचं भवितव्य हे सगळं दुसऱ्या सत्रात बघू. पहिला तास कसा झाला, ते मात्र नक्की कळवा.