सिग्नलला तापणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीचा टेंपरेचरचा काटा कुठे असावा? मेकॅनिक म्हणतो तसा थर्मोस्टॅट काढून टाकला तर चालतं का?

काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तुमचा मेकॅनिक म्हणतो ना, ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही’, हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून २०१३ पासून ऐकतेय.

त्या वर्षी मे महिन्यात गावच्या जत्रेला पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. जुनी मारुती ८००, गाडी माझी, चालवत मी, शेजारी दाजी, मागे ताई आणि पोरं. खंबाटकी अर्धा चढलो आणि काटा वर सरकायला लागला. मी म्हटलं, बाजूला घेते. दाजी म्हणाले, “घाटात सगळ्याच गाड्या गरम होतात, वर जाऊन थांबू.” काटा लालला टेकला आणि थोड्या वेळात सरसर खाली आला, पार तळाला. “बघ, झाली ना गार!” मीही मूर्ख, गाडी दामटली.

गार कुठली? रेडिएटरचा रबरी होज पाइप फाटून पाणी संपलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच काटा खरं बोलतो, उघडा पडला की काहीही दाखवतो. चढावर काटा एकाएकी पडला तर त्याच क्षणी इंजिन बंद करा, लालपेक्षा ते वाईट. (होज जुना झाला होता आणि मी बदलला नव्हता, ती चूक माझी.)

माथ्यावर गाडी खडखडून बंद पडली. दाजी बिसलेरी घेऊन थेट हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, ओतायला निघाले, ताईने हात धरला म्हणून बरं, नाहीतर हेडला तडाच गेला असता. तरी हेड बेंड झालंच. फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग), टोइंग धरून साडेअकरा हजार गेले. शिवाय दाजींच्या ओळखीच्या फिटरने थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवला, “हेच मूळ होतं.” त्या हिवाळ्यात सकाळी इंजिन गरमच होईना आणि ॲव्हरेज पडलं. जानेवारीत नवा बसवून घेतला.

आता तुमचा प्रश्न. तुमच्यासारख्या जुन्या पेट्रोल गाडीत थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडायला लागतो, म्हणजे पाणी ८५ ते १०० च्या दरम्यान असणं नॉर्मल. काटा निम्म्याच्या आसपास असेल तर झोपा निवांत. शंभरला पाणी उकळेल ही भीतीही नको, रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं. म्हणून आधी झाकणाचं रबर बघा, सगळ्यात स्वस्त काम तेच.

तुमची गाडी सिग्नलला तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरते, म्हणजे माझा संशय फॅनवर. गाडी उभी चालू ठेवा, काटा चढल्यावर फॅन लागतोय का बघा. नसेल लागत तर फ्यूज, रिले, स्विच, मोटार या क्रमाने तपासा. उलट पळताना किंवा चढावर तापली असती तर चोंदलेला रेडिएटर नाहीतर वॉटर पंप म्हटलं असतं. खाली थेंब नाही तरी पाणी कमी होतंय, ऑइल दुधाळ दिसतंय, तर गॅसकेट गेलं. पद्मिनी-ॲम्बेसेडरवाल्यांनी फॅनचं हे गणित धरू नये, तिथे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा फॅन असतो.

आणि हो, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर गाडी खरंच तापते, तेवढ्यापुरता तुमचा मेकॅनिक बरोबर असू शकतो. पण मग नवा टाकायचा, भोक मोकळं ठेवायचं नाही. खात्री करायची तर पातेल्यात पाणी उकळा आणि त्यात सोडा, चांगला असेल तर डोळ्यांदेखत उघडतो. फिटरने काढलेला तो मी ताईच्या गॅसवर दाजींसमोर उकळला होता. मस्त उघडला.

दाजी म्हणाले, “पातेल्यात उघडेल गं. घाटात नाही उघडत.”