हेवीवेट बॉक्सिंगचा दर्जा का घसरला?

हेवीवेट म्हणजे बॉक्सिंगचा सर्वांत जड वजनगट. त्याचा दर्जा घसरण्याचं माझ्या मते मुख्य कारण एकच: धिप्पाड आणि चपळ मुलं रिंगपर्यंत पोचतच नाहीत. मी म्हापशात मुलांना बॉक्सिंग शिकवतो. गेल्या पावसाळ्यात सोळा वर्षांचा एक उंच पोर यायचा. त्याचा डावा जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, असा, की पॅड धरलेला माझा तळहात झिणझिणायचा. चतुर्थीच्या आधीच एका फुटबॉल क्लबाने त्याला गोलकीपर म्हणून उचललं. अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. अशा मुलाला बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते. बॉक्सिंगमध्ये मार आणि प्रमोटरची मर्जी.

शिवाय विजेतेपदाचे पट्टे चार, ते देणाऱ्या संघटना चार, म्हणजे एकमेकांना टाळणं सोपं. 1999 मध्ये लेनॉक्स लुईस निर्विवाद, म्हणजे एकमेव विजेता झाला, त्यानंतर थेट 2024 मध्ये युक्रेनचा ओलेक्सांडर उसिक. उलट मुहम्मद अली 1971 ते 1976 या काळात फ्रेझरशी तीनदा, नॉर्टनशी तीनदा लढला, मध्ये फोरमनही झाला! आणि हा उसिक तर मुळात खालच्या क्रूझरवेट गटातून वर आलेला. त्याच्यासारखे पाय हलवणारा एकही जण मूळ हेवीवेटांमध्ये निघू नये, हे मला फार खुपतं.